पल्मोनरी हायपरटेन्शनच्या संशोधनात नव्याने येणाऱ्या कोऑर्डिनेटरांसाठी, कोल्हापुरातून

नर्सिंग, बी. फार्म. किंवा बीएएमएस करून कोल्हापुरातल्या एखाद्या हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासाचं रोजचं काम सांभाळणारे, म्हणून रुजू झालेली मुलं-मुली मला विचारतात, "पल्मोनरी हायपरटेन्शनचा अभ्यास मिळालाय, सुरुवात कुठून करू?" मधुमेहाच्या किंवा लसीच्या अभ्यासात काम केलेल्यांनाही हा विषय अवघड जातो. रुग्ण थोडे, तपासण्या किचकट, आणि समोर बसलेल्या माणसाला नाव-गाव सांगतानाही धाप लागत असते. मी या कामात काही वर्षं काढली आहेत. मला हे ज्या क्रमाने कुणीतरी शिकवायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती जागोजागी येणार आहे. या आजारातले बरेच महत्त्वाचे आकडे दमलेल्या माणसाच्या अंगातून निघतात. तो माणूस आणि तो आकडा, दोघांनाही जपणं आपल्याकडे आहे.

१. प्रोटोकॉल उघडण्याआधी आजार समजून घ्या

बीपी म्हटलं की दंडाला पट्टा बांधून मोजतात ते, एवढंच डोक्यात येतं. इथली नळी वेगळी. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला दाब या आजारात वाढलेला असतो. दंडावरचं बीपी अगदी १२०/८० असतं, म्हणून घरचे म्हणतात, "बीपी तर नॉर्मल आहे की!" संमतीच्या वेळी हा घोटाळा पहिल्यांदा सोडवावा लागतो.

निरोगी माणसात, विश्रांतीच्या वेळी, त्या धमनीतला सरासरी दाब साधारण १४ मिलिमीटर पारा असतो. पूर्वी तो २५ किंवा त्याहून जास्त भरला तरच आजार म्हणत. २०१८ साली फ्रान्समधल्या नीस इथल्या जागतिक परिषदेत ही रेषा २० वर आणावी असं ठरलं आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ती तशी घेतली. त्यामुळे जुना शोधनिबंध वाचताना आणि नवा प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) वाचताना कोणती रेषा धरली आहे, ते आधी बघा.

उजवं हृदय मुळात कमी दाबावर काम करायला बनलेलं, त्याची भिंत पातळ. समोरचा दाब वाढत गेला की ते आधी जाड होतं, मग पसरतं, मग थकतं. पायावर सूज, पोट फुगणं, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येणं हे सगळं तिथून येतं.

आजाराचे पाच गट आहेत आणि ते तोंडपाठ हवेत. पहिल्या गटात फुप्फुसांच्या बारीक धमन्याच आतून जाड आणि अरुंद होतात. कधी कारण सापडत नाही, कधी बीएमपीआर-२ या जनुकातला दोष असतो, कधी स्क्लेरोडर्मासारखा संधिवाताच्या घराण्यातला आजार, कधी जन्मापासून हृदयाला असलेलं छिद्र. दुसरा गट डाव्या हृदयामुळे होणारा. लहानपणी घसा आणि सांधे दुखून संधिवाताचा ताप येतो, झडप आकसते, मागे दाब तुंबतो आणि फुप्फुसांपर्यंत पोचतो. तिसरा गट फुप्फुसांच्या आजाराचा: जुना टीबी, दमा-सीओपीडी, चुलीच्या धुरात गेलेली तीस-चाळीस वर्षं. चौथ्यात फुप्फुसांच्या धमन्यांत रक्ताच्या गुठळ्या अडकून राहतात. पाचव्यात ज्यांचं कारण नीट उलगडत नाही किंवा अनेक कारणं एकत्र आहेत, असे रुग्ण.

आपल्याकडे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, यासारख्या मोठ्या रुग्णालयांत जिल्हाभरातून माणूस येतो. चंदगड-आजऱ्याकडची चुलीपुढे आयुष्य गेलेली आजी आणि लहानपणी छिद्राचं ऑपरेशन राहून गेलेली तरुण मुलगी एकाच बाकावर बसलेल्या असतात. दोघींच्या केसपेपरवर "पीएच" (पल्मोनरी हायपरटेन्शन) एवढंच लिहिलेलं असतं, पण आजार दोन वेगळे आहेत. केरळमधल्या ५० हॉस्पिटलांतल्या २,००३ रुग्णांच्या प्रो-केरळ रजिस्ट्रीत, म्हणजे रुग्णनोंदवहीत, निम्म्याहून जास्त रुग्ण दुसऱ्या, म्हणजे डाव्या हृदयाच्या गटातले निघाले. परदेशी पुस्तकं मात्र पहिल्या गटावरच पानंच्या पानं लिहितात.

गट चुकला तर काय होतं, याचं उदाहरण लक्षात ठेवा. रिओसिग्वाट हे औषध पहिल्या आणि चौथ्या गटात उपयोगी पडतं. फुप्फुसं आतून घट्ट होत जाणाऱ्या एका आजारात त्याचा प्रयोग सुरू झाला, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसल्यामुळे २०१६ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला. स्क्रीनिंगच्या, म्हणजे रुग्ण अभ्यासात बसतो का ते तपासण्याच्या, फॉर्मवर गट लिहिण्याची एक छोटी चौकट असते. ती भरताना पेन थोडं थांबवा.

२. इकोचा आकडा आणि कॅथचा आकडा एकत्र करू नका

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारे डॉक्टर उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला २.८ मीटरच्या वर गेला की शंका, ३.४ च्या वर गेला की दाट शंका. पण ही शंकाच. इकोत येणारा "पीए प्रेशर ६०" हा वरच्या दाबाचा अंदाज असतो, तर व्याख्येतला २० हा सरासरी दाब आहे. हे दोन आकडे नवीन मुलं सर्रास एकमेकांच्या रकान्यात लिहितात.

पक्कं निदान उजव्या हृदयाच्या कॅथेटरने होतं. मानेच्या, मांडीच्या किंवा हाताच्या शिरेतून बारीक नळी आत जाते, टोकाचा फुगा रक्ताच्या प्रवाहाबरोबर फुप्फुसांच्या धमनीत पोचतो. १९२९ साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने अशी नळी स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत घातली होती. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

कॅथच्या रिपोर्टवर तीन आकडे शोधा: सरासरी दाब, फुगा अडकवून मोजलेला वेज प्रेशर (यावरून डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज येतो), आणि हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं ते. सरासरी दाबातून वेज वजा करा, उरलेल्याला लिटरने भागा; उत्तर म्हणजे फुप्फुसांच्या धमन्यांतला अडथळा, वुड युनिट या मापात. समजा दाब ५०, वेज १०, रक्त ४ लिटर: ४० भागिले ४, म्हणजे १० वुड युनिट. २ च्या वर असलेला अडथळा जास्त समजतात. आता दुसरा रुग्ण घ्या, दाब ४० आणि वेज २४. वेज १५ च्या वर, म्हणजे तुंबारा डाव्या बाजूचा आहे. पहिल्या गटासाठीच्या अभ्यासात हा रुग्ण बसत नाही, नातेवाईक कितीही आशेने बघत असले तरी.

हे गणित रिपोर्टवर छापून आलेलं असलं तरी स्वतः करून बघा. वेज वाचताना श्वास सोडल्याचा शेवट धरला होता का, हे कॅथलॅबच्या टेक्निशियनला विचारायला लाजू नका. धाप लागलेल्या माणसाच्या श्वासाबरोबर दाबाची रेषा वरखाली नाचत असते, आणि मशीनने काढलेली सरासरी कधीकधी फसवते.

३. अभ्यास कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

फक्त माहिती गोळा करायची रजिस्ट्री, मंजूर औषधांवरचा कॉलेजातला शैक्षणिक अभ्यास, आणि कंपनीचं नवं औषध तपासणारी ट्रायल, या तिघांचे कागद वेगळे. नव्या औषधासाठी केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते. नियम आहेत नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९. तिन्हींना एक गोष्ट समान आहे: एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीची, मंजुरी. औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या कमिटीत किमान ७ सदस्य, त्यात वैद्यकाबाहेरचा एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार, किमान एक महिला; अध्यक्ष संस्थेबाहेरचा. बैठकीला किमान ५ जण हजर हवेत. मंजुरीच्या पत्रावर प्रोटोकॉलची आणि मराठी संमतीपत्राची आवृत्ती व तारीख लिहिलेली असते. तुमच्या टेबलावरच्या गठ्ठ्याशी ती ताडून पाहा.

ट्रायल असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत ती पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदलेली असली पाहिजे. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि कुणालाही मोफत बघता येते. रुग्णाच्या शिकलेल्या मुलाला तिचा क्रमांक द्या. तो घरी जाऊन वाचेल, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगले प्रश्न घेऊन येईल.

४. रुग्ण शोधताना "दम लागतो का?" असं विचारू नका

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर येतं, "नाही, तसं काही नाही." खरं म्हणजे त्यांनी दम लागणारी कामंच सोडून दिलेली असतात. घागर आता सून आणते. जनावरांचं शेण-पाणी मुलगा बघतो. जोतिबाच्या पायऱ्या चढून तीन वर्षं झाली, आता खालूनच हात जोडतात. म्हणून सवयीच्या कामांवरून विचारा: मागच्या दिवाळीला कुठली कामं करत होता, यंदा कुठली सुटली? अंघोळीनंतर बसावं लागतं का? साडी नेसताना मध्ये थांबता का? दूध काढायला पहाटे उठून बसता तेव्हा काय होतं? या उत्तरांवरून डॉक्टर १ ते ४ मधला फंक्शनल क्लास (किती कामाने त्रास होतो त्याचा वर्ग) ठरवतात. वर्ग तुम्ही ठरवायचा नाही, पण रुग्णाचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवायचे काम तुमचं. "साडी नेसताना दोनदा बसते" ही ओळ फाईलमध्ये असली तर दोन वर्षांनीही कुणाला शंका राहत नाही.

शोध इको रूमच्या रजिस्टरपासून सुरू करा. छातीरोग, संधिवात आणि बालहृदयरोगाच्या ओपीडीतल्या सिस्टरांशी ओळख करून घ्या. या आजाराचे रुग्ण बराच काळ दम्याचे किंवा रक्त कमी असल्याचे उपचार घेत फिरलेले असतात. पहिल्या गटातला रुग्ण वाटत असेल तर गुठळ्या तपासणारं व्हीक्यू स्कॅन झालंय का, हे आवर्जून बघा. चौथ्या गटातल्या काहींना धमनीतला तो जुना गाळ शस्त्रक्रियेने काढून जवळपास बरं करता येतं. असा माणूस गोळीच्या अभ्यासात अडकून राहिला, तर आपण त्याचं नुकसान केलं.

५. संमती: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं कच्चं

माझ्या कामाचा सगळ्यात मोठा भाग हाच वाटतो मला, म्हणून थोडं सविस्तर.

जागा आधी. ओपीडीच्या दारात, गर्दीत, "इथं सही करा" असं होता कामा नये. खुर्ची, पंखा, पाणी आणि बंद होणारं दार. रुग्ण बसला की पाच मिनिटं काही न वाचता जाऊ द्या, त्याचा श्वास खाली येऊ द्या. धाप लागलेल्या माणसाला लांब वाक्यं ऐकू येतात, पण डोक्यात शिरत नाहीत. पंधरा पानांचं पत्रक दोन भेटींत विभागता आलं तर उत्तम. घरी न्यायला द्या.

भाषा. मराठी पत्रक कमिटीने मंजूर केलेलंच वापरायचं, पण समजावताना बोलीत बोला. निपाणी-चिकोडीकडून आलेल्या माणसाला मराठी येतं म्हणून मराठीवर भागवू नका. त्याला कानडीत विचार करायची सवय असेल तर मंजूर कानडी पत्रक हवं.

प्लासिबो असा सांगते मी: "काही जणांना औषधाची गोळी मिळेल, काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. मलाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही नसतं. तुमच्या आत्ता चालू असलेल्या गोळ्या चालूच राहतील." शेवटचं वाक्य तुमच्या प्रोटोकॉलमध्ये खरं असेल तरच म्हणा. आणि मग थांबा. सांगितलेलं त्यांनाच परत सांगायला लावा. "आता घरी गेल्यावर जाऊबाईंनी विचारलं, काय म्हणाले दवाखान्यात, तर काय सांगाल?" असं विचारलं की खरं काय समजलंय ते बाहेर येतं. पुष्कळदा उत्तर येतं, "मुंबईचं भारी औषध फुकट देणार आहेत." मग पुन्हा पहिल्यापासून. हा अभ्यास आहे, औषध चालेल की नाही हेच शोधायचं आहे, आणि नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार तसेच मिळतील, हे कळल्याशिवाय सही घेऊ नका.

"डॉक्टर म्हणतील तसं" हा होकार मानू नका. बाईच्या ऐवजी नवरा किंवा मुलगा उत्तरं देत असेल तर त्याचा मान ठेवून थोडा वेळ बाहेर बसवा आणि तिला एकटीला विचारा. या आजाराच्या बऱ्याच रुग्ण तरुण बाया असतात. बोसेन्टान, ॲम्ब्रिसेन्टान, मॅसिटेन्टान, रिओसिग्वाट ही या आजारावरची औषधं पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतात, आणि या आजारात गरोदरपण आईच्याही जिवावर बेततं. गर्भनिरोधनाचं बोलणं सासूबाईंसमोर होत नाही. त्यासाठी वेगळी दहा मिनिटं काढाच.

वाचता-लिहिता न येणाऱ्यासाठी निष्पक्ष साक्षीदार सगळा वेळ हजर हवा, आणि तो आपल्या टीममधला नको. अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही, तारीख त्याच्या स्वतःच्या हाताने. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या (सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या) रुग्णाची संमती ध्वनिचित्रमुद्रित करावी लागते. कॅमेरा चालू करण्याआधी त्याचीही परवानगी घ्या. सही झाल्यावर एक प्रत रुग्णाच्या पिशवीत गेली पाहिजे. संमतीची वेळ लिहा. तिच्याआधी अभ्यासासाठी रक्त काढलेलं दिसलं, तर ती चूक कुठल्याच कागदाने झाकता येत नाही.

६. सहा मिनिटं चालणं: साधी वाटणारी, सगळ्यात बिघडणारी तपासणी

सपाट, सरळ, ३० मीटरचा कॉरिडॉर. दर ३ मीटरला खूण, दोन्ही टोकांना शंकू, सुरुवातीला ठळक रेषा. आपल्या हॉस्पिटलांत हा कॉरिडॉर शोधणं हेच काम आहे. दुपारी तिथे नातेवाईक चटई टाकून झोपलेले असतात, स्ट्रेचर येत-जात असतात. मी सकाळी साडेआठची वेळ धरते आणि वॉर्डच्या मामांना आदल्या दिवशी सांगून ठेवते. वेळ दर व्हिजिटला साधारण तीच हवी.

रुग्णाने आधी १० मिनिटं खुर्चीत शांत बसायचं. चाचणीआधी वॉर्म-अप म्हणून चालायचं नाही. पायात रोजचीच चप्पल, आणि पुढच्या वेळीही तीच. ऑक्सिजन चालू असेल तर प्रवाह तेवढाच, आणि सिलिंडर कोणी ओढला तेही लिहायचं. आधी आणि नंतर बोर्ग स्केलवर, ० ते १० मध्ये, दम किती ते रुग्णाने सांगायचं. स्केलचं मराठी भाषांतर मंजूर झालेलंच वापरा.

मग "चला" म्हणायचं आणि तोंडाला कुलूप. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, एकाच सुरात: "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत." पुढच्या मिनिटाला चार, मग "निम्मं झालं." याहून एक शब्द जास्त नाही. बरोबरीने चालायचं नाही, नाहीतर तो तुमच्या वेगाने चालेल. आणि नातेवाईकांना कॉरिडॉरबाहेर ठेवायचं. मुलगी टोकाला उभी राहून "आई, चल की जोरात!" म्हणाली की आई खरंच जोरात चालते, आणि तो आकडा मुलीच्या मायेचा होतो, औषधाचा राहत नाही. रुग्ण भिंतीला टेकून थांबला तर थांबू द्या, घड्याळ मात्र चालूच. छातीत दुखलं, पाय लटपटले, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, तर ताबडतोब खुर्ची. बोटाला ऑक्सिमीटर सतत हवा. २०१४ च्या युरोपीय-अमेरिकी मानकानुसार ऑक्सिजन ८० टक्क्यांखाली गेल्यास चाचणी थांबवतात.

आता हे नीट वाचा. एक फेरी म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. सिल्डेनाफिलच्या २००५ मधल्या मोठ्या प्रयोगात २७८ रुग्ण होते, आणि १२ आठवड्यांनी औषधाने दिलेला फायदा डोसप्रमाणे ४५ ते ५० मीटर. सोटाटरसेप्टच्या २०२३ मधल्या स्टेलर प्रयोगात ३२३ रुग्ण होते आणि फायदा साधारण ४१ मीटर. म्हणजे मोजताना तुमची एक फेरी चुकली, तर अख्ख्या औषधाच्या गुणाहून मोठी चूक तुम्ही एका रुग्णाच्या नावावर लिहिली. म्हणून काउंटर दाबा आणि कागदावर रेघही ओढा, दोन्ही. सुरुवातीला एका नातेवाइकाशी बोलता-बोलता माझी फेरी नऊ की दहा ते कळेनासं झालं होतं. अंदाजाने दहा लिहून टाकावं असं फार वाटलं. मी मुख्य संशोधकांना सांगितलं, त्या दिवसाची चाचणी अपूर्ण म्हणून नोंदली, आणि प्रोटोकॉलमध्ये मुभा होती म्हणून दुसऱ्या दिवशी परत घेतली. त्या मावशी पुन्हा एसटीने आल्या. त्यांचा तो दुसरा प्रवास मी अजून विसरलेले नाही.

एक सूचना फक्त या आजारापुरती. या चाचणीच्या जुन्या साहित्ययादीत जिभेखालची नायट्रेटची गोळी असते. आपले बरेच रुग्ण सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलवर असतात, आणि त्यावर नायट्रेट दिलं तर बीपी धोकादायक खाली कोसळू शकतं. ट्रेवर तशी मोठी चिठ्ठी चिकटवून ठेवा.

७. गोळ्या, नमुने आणि पंचगंगा

हीच सिल्डेनाफिलची गोष्ट रुग्णाच्या खिशातही हवी. छातीत दुखलं म्हणून माणूस रात्री गावातल्या डॉक्टरांकडे जातो, ते सवयीने सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेटचीच गोळी, जिभेखाली ठेवायला देतात. म्हणून प्रत्येकाला एक कार्ड द्या: आजाराचं नाव, औषधाचं नाव, "नायट्रेट देऊ नये", आणि २४ तास उचलला जाणारा फोन नंबर. कुणाला कुठलं औषध ते झाकून ठेवलेला अभ्यास असेल तर कार्डावर काय लिहायचं ते प्रोटोकॉल सांगतो, आणि ते कार्डही कमिटीने मंजूर केलेलं असतं. घरातल्या सगळ्यांना ते कुठे ठेवलंय हे माहीत असू द्या.

बोसेन्टान चालू असेल तर दर महिन्याला यकृताच्या तपासण्या. एनटी-प्रोबीएनपी हा रक्तातला आकडा उजव्या हृदयावरचा ताण दाखवतो. धोक्याच्या चार पायऱ्यांच्या पद्धतीत ३०० च्या खाली कमी धोका आणि १,१०० च्या वर जास्त. नमुना काढल्यापासून फिरवून गोठवण्यापर्यंतची मिनिटं लॅब मॅन्युअलमध्ये असतात. कुरिअरवाला संध्याकाळी किती वाजता शेवटची उचल करतो, हे आधी विचारून त्यावरून रुग्णाची वेळ ठरवा.

गोळ्यांची रिकामी पाकिटं परत आणायला सांगा आणि रागावल्याशिवाय मोजा. रागावलात तर पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्या कॅनॉलमध्ये जातील आणि पाकीट रिकामं येईल.

व्हिजिटच्या तारखा ठरवताना कॅलेंडरबरोबर जिल्हाही समोर ठेवा. उसाची तोड चालू असताना शिरोळ-हातकणंगल्याचा शेतकरी येत नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा, आश्विनात नवरात्र. आणि पावसाळा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी असं चढलं की शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. या आजाराची काही औषधं, विशेषतः प्रोस्टासायक्लिन गटातली, एकाएकी बंद झाली तर रुग्ण झपाट्याने बिघडू शकतो. म्हणून जूनमध्येच यादी करा: कोण नदीकाठचं, कुणाच्या गावाचा रस्ता आधी बुडतो, कुणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे आणि वीज गेली तर काय. जादा गोळ्या देता येतील का, फोनवर व्हिजिट चालेल का, हे स्पॉन्सर (अभ्यास चालवणारी कंपनी किंवा संस्था) आणि कमिटीला कोरड्या दिवसांत लेखी विचारून ठेवा.

प्रवासखर्चाचे पैसे त्याच दिवशी द्या. पुढच्या महिन्याच्या बिलावर ढकललेले दोनशे रुपये त्या घरात मोठे असतात.

८. रुग्ण भरती झाला तर

मृत्यू, जिवाला धोका, भरती व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मदोष: यांतलं काहीही घडलं की ती गंभीर प्रतिकूल घटना. औषधामुळे झालं की नाही, हा विचार नंतरचा. ट्रायलमध्ये मुख्य संशोधकांनी २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना अधिकारी (म्हणजे केंद्राचे औषध नियंत्रक), स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं. सविस्तर अहवालाला १४ दिवस.

अडचण कळण्याचीच असते. गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात माणूस तीन दिवस भरती राहून घरी जातो आणि आपल्याला महिन्याने व्हिजिटला समजतं. घरच्यांना वाटतं, आधीच दम्याचा माणूस, त्यात काय सांगायचं. म्हणून प्रत्येक भेटीला एक वाक्य ठरवून घ्या: "कुठंही, एका रात्रीसाठी जरी सलाईन लावून ठेवलं, तरी मला फोन." आणि फोन आला की पहिला प्रश्न तारखेचा नको. "आता कसं आहे त्यांना?" हा विचारा.

अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नियमाप्रमाणे भरपाई मिळते. हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं, पण आजारपणाच्या धांदलीत कुणाला आठवत नाही. आठवण करून देणारे तुम्हीच.

९. कागद

यावर प्रशिक्षणात पुष्कळ सांगतात, म्हणून थोडक्यात. ज्याने केलं त्याने, केलं त्याच वेळी, वाचता येईल असं लिहावं. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर टेबलावर ठेवूच नका. मॉनिटर, म्हणजे स्पॉन्सरतर्फे फाईली तपासणारा माणूस, येण्याच्या आदल्या रात्री फाईल भरत बसण्याची पाळी आली, तर भरू नका. राहिलं ते राहिलं म्हणून लिहा. चाचणी झालीच नव्हती, तिचा आकडा मागून घालणं म्हणजे खोटं.

१०. अभ्यास संपतो तेव्हा

याची तयारी पहिल्या दिवशीच सुरू करा. रुग्णाचा प्रश्न ठरलेला असतो: "आता ही गोळी मिळणार का?" उत्तर प्रोटोकॉलमध्ये आणि संमतीपत्रात असतं, ते आधीच वाचून ठेवा आणि शेवटच्या भेटीच्या दोन महिने आधी त्यांच्याशी बोला. पुढे कुठल्या ओपीडीला, कुठल्या वारी जायचं, नेहमीच्या गोळ्या कुठून घ्यायच्या, हे मराठीत एका कागदावर लिहून द्या. त्यांचे कॅथ आणि इकोचे रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून परत करा. पुढच्या डॉक्टरांना तेच पहिल्यांदा लागतील, आणि पुराच्या पाण्यात साधा कागद टिकत नाही.

कंपनीचा अभ्यास असेल तर कुणाला कुठली गोळी होती, हे उघड व्हायला बरेच महिने जातात. त्या दिवसासाठी रुग्णांचे फोन नंबर तपासत राहा. सिम बदलतात, मुली सासरी जातात. निकाल हाती आला आणि कळवायची परवानगी मिळाली की एकेकाला स्वतः फोन करा. गडहिंग्लजकडच्या एका मावशींना मी असा फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या चालण्याचं कुणाच्या तरी कामी आलं म्हणायचं?" हो, म्हटलं, आलं.